खानदेशच्या अभयारण्यांत देशी माश्यांचं सर्वेक्षण कसं करायचं

मोहोळ करून राहणाऱ्या देशी माश्या आपल्याकडे चारच तऱ्हेच्या. कड्याला नाहीतर उंच झाडाला लटकणारं आग्या मोहोळ, ढोलीत एकाआड एक पोळी रचणारी सातेरी, बोरी-बाभळीच्या झुडपात तळहाताएवढं एकच पोळं करणारी फुलोरी, आणि भिंतीच्या फटीतून मेणाची नळी बाहेर काढणारी, डंख नसलेली बारीक माशी. गावात विचारलं तर मोजणी इथेच थांबते. पण भारतातून मधमाशीच्या गणगोतातल्या माश्यांच्या ७००हून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यातल्या बहुतेक एकांड्या आहेत. मादी एकटीच बीळ खणते, परागाचा गोळा करून त्यावर अंडं घालते, तोंड बुजवते आणि पुढच्या बिळाला लागते. मध नाही, पोळं नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणाचं लक्षही नाही.

हा लेख कॉलेजातले प्राणिशास्त्राचे शिक्षक, विद्यार्थी आणि निसर्गमंडळांतल्या मंडळींसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लांबलचक यादी म्हणजे चांगलं सर्वेक्षण नव्हे. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच वाटेवर, त्याच हंगामात, तेवढाच वेळ देऊन तुमच्या आकड्यांशी ताडून पाहता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर शंभर फोटोंचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरताच.

आधी कागदपत्रं

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात अभ्यास, संशोधन किंवा छायाचित्रणासाठी जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. कलम २९ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यातून वन्यजीव बाहेर नेता येत नाही, आणि माशी हाही वन्यजीवच. ‘किडाच तर आहे’ हे उत्तर नाक्यावर चालत नाही. अर्ज विभागीय वनाधिकाऱ्यांमार्फत पाठवा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या कक्षांत काम करणार, कोणत्या महिन्यांत, माश्या पकडायला जाळं की रंगीत वाट्या, आणि जास्तीत जास्त किती नमुने ठेवणार. नमुन्यांची मर्यादा स्वतःहून घालून दिली की अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. कागद हलायला वेळ लागतो, त्यामुळे पावसाळ्यात काम करायचं तर अर्ज हिवाळ्यातच टाका.

परवानगी हातात आली तरी आधी परिक्षेत्र कार्यालयात आणि मग पाड्यावर जाऊन भेटायचं. पाल, लंगडा आंबा, जामन्या या बाजूला पावरा, भिल आणि तडवी वस्ती आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार मध हे गौण वनोपज आहे, त्यामुळे मोहोळ हा तिथल्या माणसांच्या हक्काचा विषय आहे. ग्रामसभेत सांगून ठेवा की आम्ही मध काढायला आलेलो नाही. मध काढणारा एखादा जाणता माणूस रोजंदारीवर सोबत घ्या आणि त्याचं नाव अहवालात टाकण्याआधी त्याला विचारा. होळीच्या आधीच्या आठवड्यात, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, कोणी भेटेल ही आशा सोडा. आपणही बाजाराला जावं.

जागा कोणत्या

खानदेशात पर्याय बरेच आहेत. यावल अभयारण्य, १९६९ साली जाहीर झालेलं, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आहे. शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीचा भाग धरणारं गौताळा औट्रम घाट, मुक्ताईनगरकडे मुक्ताई भवानी संवर्धन राखीव. नंदुरबारकडचं तोरणमाळ सुमारे ११०० मीटर उंचीवर, तर तापीकाठ २०० मीटरच्या आसपास. एवढ्या फरकाने फुलंही बदलतात आणि माश्याही.

सगळीकडे हात घालू नका. पहिल्या वर्षी एकच अभयारण्य घ्या आणि त्यातले निदान चार वेगळे अधिवास निवडा: नाल्याकाठची हिरवी पट्टी, सागाचं जंगल, अंजन-सलईची विरळ झाडी असलेला खडकाळ उतार, आणि गवताळ माळ. प्रत्येक अधिवासात तीन-तीन रांगा (चालत माश्या मोजायच्या आखलेल्या पट्ट्या), एकमेकींपासून अर्धा किलोमीटर तरी दूर. शिवाय अभयारण्याला लागून असलेल्या शेतांच्या बांधावर तेवढ्याच रांगा. ही बाहेरची जोडी बहुतेक जण टाळतात आणि मग ‘जंगलात माश्या जास्त’ हे वाक्य कशाच्या तुलनेत लिहिलं, ते त्यांना सांगता येत नाही.

बांध निवडताना पीक बघा. रावेर-यावलची केळी परागीभवनाशिवायच फळ धरते. माशी केळफुलावर मधासाठी येते खरी, पण घडाला तिची गरज नाही. वांग्याची गोष्ट उलटी. भरताचं जळगावी वांगं घ्या किंवा दुसरं कोणतंही, वांग्याच्या फुलातले पुंकेसर टोकाच्या बारीक छिद्रातूनच पराग सोडतात. माशीने फूल घट्ट धरून अंग थरथरवलं की पराग उडतो. सातेरीला किंवा आग्याला ही कला येत नाही. भुंगा (लाकूड-बांबू पोखरून राहणारी मोठी माशी), निळ्या पट्ट्यांची अमेजिला आणि नोमियासारख्या एकांड्या माश्यांना येते. वांगं स्वपरागीभवनानेही फळतं, पण अशी माशी येऊन गेली की फळधारणा सुधारते. जंगलाला लागून असलेलं वांग्याचं शेत मिळालं तर सोडू नका. शेतकऱ्याला तुमच्या कामाचा अर्थ तिथेच पटतो. फवारणी कधी झाली ते मात्र त्याला विचारून लिहून ठेवा.

कधी जायचं

समशीतोष्ण देशांतली पुस्तकं सांगतात, ऊन पडल्यावर दहा वाजता सुरू करा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दहा वाजता माशीही सावलीला आणि तुम्हीही. उन्हाळ्यात पहाट फुटताच निघा, नऊ-साडेनऊला थांबा, आणि वाटलं तर सूर्यास्ताआधीचा एक तास घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी याच्या उलट: सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळी गारठा असतो, नऊच्या आधी फुलावर कोणी येत नाही.

वर्षात चार फेऱ्या पुरेत. पहिली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, पळस, काटेसावर, पांगारा आणि धायटी फुललेली असताना. पळस-सावरीवर मोठे भुंगे आणि आग्या दिसतील, पण खरी गर्दी वर शेंड्यात असते आणि तिथे जाळं पोचत नाही, दुर्बीण लागते. दुसरी एप्रिल-मेची, करंज आणि निंबाच्या मोहरावर. या फेरीत फुलांइतकाच वेळ पाण्याजवळ द्या. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर अर्धा तास शांत बसलात तर आसपास कोणती मोहोळं आहेत त्याचा अंदाज तिथेच येतो. मोह वेचायच्या दिवसांत अस्वलं झाडाखाली येतात, म्हणून त्या काळात पहाटे एकट्याने फिरणं नको.

तिसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची: पावसाने उघडीप दिल्यावर, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तेरडा, कुर्डू, तिळवण, टाकळा, रानतीळ, शेतातला तीळ असं सगळं एकदम फुलतं आणि एकांड्या माश्या याच सुमाराला सगळ्यात जास्त दिसतात. एकच फेरी परवडत असेल तर हीच करा. चौथी नोव्हेंबर-डिसेंबरची, तुरीच्या फुलावर. तुरीवर पानकापी माश्या येतात आणि त्यांची खूण पानांवर सापडते: कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले.

पाऊस पडत असेल, पानं सतत हलतील इतका वारा असेल किंवा आभाळ पूर्ण भरलेलं असेल, तर फेरी पुढे ढकला. रिकामी फेरी मात्र खोडू नका. हवा चांगली असून काहीच मिळालं नाही, तर तो शून्यही नोंदच आहे.

रांगेवरची फेरी

२०० मीटरची रांग आखा. दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर टिपा. झाडांना रंग लावायचा तर वनरक्षकांना विचारून. रांगेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मीटर, एवढीच आपली हद्द. तीस मिनिटांत ती चालायची. माशी बाटलीत घ्यायला, चिठ्ठी लिहायला जो वेळ जातो तो घड्याळ थांबवून वगळायचा, नाहीतर जिथे माश्या जास्त तिथे शोधायला वेळ कमी मिळतो आणि हिशेब उलटा होतो. एकाच रांगेवर सकाळी आणि उशिरा अशा दोन फेऱ्या कराव्यात, आणि पुढच्या खेपेला रांगांचा क्रम बदलावा.

जाळ्याचं कडं ३० ते ३५ सेंटिमीटर, पिशवी त्याच्या दुप्पट खोल, कापड मच्छरदाणीचं पांढरं. बोरीच्या काट्यात ते फाटतंच, तेव्हा सुईदोरा जवळ ठेवा. माशी फुलावरून उठते ती वर, म्हणून जाळं खालून वर किंवा आडवं फिरवा आणि लगेच कडं उलटवून पिशवी मिटा. प्रत्येक माशीसोबत फुलाचं नाव हवंच. ओळखता आलं नाही तर फांदीचा फोटो आणि क्रमांक. दर रांगेत फुललेल्या झाडा-झुडपांची यादीही करा, कारण माशी नाही म्हणून मिळाली नाही की फूलच नव्हतं म्हणून, हे नंतर ठरवावं लागतं.

आग्या, सातेरी आणि फुलोरी पकडायच्या नाहीत, डोळ्यांनी मोजायच्या. पेट्यांमधली मेलिफेरा विदेशी आहे, देशी माश्यांच्या यादीत तिला जागा नाही. पण रांगेवर किती दिसल्या आणि जवळ पेट्या कुठे ठेवल्या आहेत, ते वेगळ्या रकान्यात लिहा.

रंगीत वाट्या

पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या वाट्यांत पाणी आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन-चार थेंब. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि उतरलेली माशी बुडते. रंग आलटून-पालटून, पाच-पाच मीटरवर, रांगेला पंधरा वाट्या. गवत उंच असेल तर काठीवर फुलांच्या उंचीला बांधा. सकाळी लावून संध्याकाळी उचला. रात्रभर ठेवलं तर जनावरं उलथवतात.

वाटीचा फायदा हा की पकडणाऱ्याचं कसब मध्ये येत नाही. तोटा हा की ती निवडक आहे: हॅलिक्टिडी कुळातल्या बारीक माश्या भरपूर येतात, भुंगे आणि मोहोळाच्या माश्या फारशा येत नाहीत. शिवाय आलेलं सगळं मरतं. संरक्षित क्षेत्रात मी वाट्या फक्त पावसाळ्यानंतरच्या फेरीत, एकेका रांगेवर एकच दिवस लावीन. एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नाही; कोरड्या जंगलात उघडं पाणी ठेवलं की तहानलेलं कोणीही त्यात पडतं.

बिळं आणि पोकळ्या

फुलावर न दिसलेल्या माश्या त्यांच्या घरी सापडतात. नाल्याच्या उभ्या मुरमाड दरडी, पायवाटेची टणक माती, जुन्या कुडाच्या आणि मातीच्या भिंती, छपराचे बांबू, वाळलेली एरंडाची खोडं, तुराट्या: हे सगळं बघा. बांबूला अंगठा जेमतेम मावेल असं गोल भोक आणि खाली भुसा, म्हणजे भुंगा. भिंतीतल्या भोकाशी मातीचं बूच असेल तर ते काम बहुधा एखाद्या मेगॅकिलीचं (पानकापीच्या गोतातल्या माशीचं) किंवा कुंभारीण माशीचं; थोडा वेळ थांबून कोण येतं ते पाहिल्याशिवाय लिहू नका. एका दरडीतली बिळं दर फेरीला त्याच चौकटीत मोजली की जमिनीत राहणाऱ्या माश्यांचा कल कळतो, आणि त्यासाठी एकही माशी मारावी लागत नाही.

हाती आलेल्या माशीचं काय

तीन वाटा आहेत. ओळख पक्की असेल, तर नोंद करून सोडा. फोटोवरून भागेल असं वाटत असेल, तर बाटली बर्फाच्या डब्यात पाच-सात मिनिटं ठेवा. सुस्तावलेल्या माशीचे चेहरा, पाठ, बाजू, पंखांच्या शिरा आणि मागचे पाय असे पाच फोटो घ्या आणि तिला उन्हात ठेवा, ऊब मिळाली की उडून जाते. तिसरी वाट नमुना ठेवण्याची, कारण बऱ्याच जाती सूक्ष्मदर्शकाखालीच वेगळ्या होतात. प्रत्येक रूपाचे थोडे नर, थोड्या माद्या, बस.

नमुना इथाइल ॲसिटेटच्या बाटलीत किंवा फ्रीजरमध्ये मारतात. वाटीतल्या भिजक्या माश्या साध्या पाण्यात धुऊन टिपकागदावर ठेवा आणि केस वाळवायच्या यंत्राने केस मोकळे होईपर्यंत वाळवा. चिकटलेल्या केसांची माशी कुठल्याही तज्ज्ञाला ओळखता येत नाही. मोठ्या माशीला टाचणी छातीच्या मधोमध नव्हे, किंचित उजवीकडे. बारक्या माश्या कागदाच्या त्रिकोणाच्या टोकावर चिकटवतात. चिठ्ठीवर जिल्हा, तालुका, जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत, फूल आणि पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते आणि एरवी संग्रह पोखरणारे भुंगेरे येतात, तेव्हा घट्ट पेटी आणि नॅप्थलीन हवंच.

ओळखायचं कसं

आधी माशी आहे की नाही ते ठरवा. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या कित्येक माश्या खरं तर दोन पंखांच्या गणातल्या असतात: मोठे डोळे, आखूड मिशा, पंखांची एकच जोडी. गांधीलमाशीचं अंग गुळगुळीत आणि कंबर बारीक. आपल्या माश्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात, आणि भिंगाखाली अंगावरचे केस फाटे फुटलेले दिसतात. मादीच्या मिशीला १२ पेरं, नराच्या १३.

मग पराग कुठे वाहते ते बघा. पोटाखाली ब्रश असेल तर मेगॅकिलिडी, म्हणजे पानकापी आणि तिचं गणगोत. मागच्या पायावर केसांचा झुबका असेल तर अमेजिला, भुंगा किंवा हॅलिक्टिडी. यातल्या हॅलिक्टिडीत पुढच्या पंखाची मुळाजवळची शीर ठळक वाकलेली असते. मागच्या पायावर चपटी परडी असेल तर मोहोळाची माशी. आणि कुठेच काही नसेल तर तो बहुधा नर आहे, किंवा दुसऱ्याच्या घरात अंडं घालणारी परपुष्ट माशी. निळ्या ठिपक्यांची थायरियस अमेजिलाच्या बिळात शिरते, टोकदार शेपटीची सीलिऑक्सिस मेगॅकिलीच्या. या दोघी दिसल्या तर मोठ्या अक्षरांत लिहा: यजमान पुरेसे असल्याशिवाय त्या टिकत नाहीत.

वंशापर्यंत ओळख पोचली तर थांबा. ‘अमेजिला, जात क्रमांक २’ ही नोंद प्रामाणिक आहे आणि नंतर दुरुस्त होते. फोटोवरून जातीचं नाव ठोकून दिलं की ते पुढच्या दहा याद्यांत जातं. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आणि केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. नमुने नीट असतील तर तिथे तज्ज्ञांना विचारता येतं.

एक वेगळी शक्यता ध्यानात असू द्या. भीमाशंकरच्या जंगलात झायलोकोपा ट्रँक्वेबॅरिका हा भुंगा अमावास्येच्या रात्रीही उडतो, हे अभ्यासातून सिद्ध झालं आहे. सातपुड्यात रात्रीच्या फुलांवर कोण येतं हे बघायला वेगळी परवानगी आणि सोबत वनकर्मचारी लागतील, पण बघण्यासारखं आहे.

आग्या मोहोळाजवळ

दुर्बिणीतून मोजा, पोळ्यांखाली जाऊ नका. अत्तर, विडी, भडक हालचाल नको. पोळ्यावरून लाटा सरकताना दिसल्या की माश्या सावध झाल्या आहेत, मागे फिरा. हल्ला झालाच तर हात झाडू नका. तोंड झाकून सरळ गाडीकडे किंवा घराकडे पळा आणि दार लावा. पाण्यात उडी मारली तर त्या वर वाट पाहतात. काटे नखाने लगेच खरवडून काढा. डंख खूप असतील, श्वास लागत असेल, ओठ-घसा सुजत असेल तर थेट दवाखाना. रांग आखतानाच जवळचं आरोग्य केंद्र कुठे आणि मोबाईलला रेंज कुठे मिळते, ते नकाशावर मांडून ठेवा.

आकड्यांचा हिशेब

रोज संध्याकाळी कागदावरची नोंद तक्त्यात चढवा: एका ओळीत एक माशी. वर्षाअखेर दोन गोष्टी काढा. पहिली, आलेख: आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्यावर तोवर मिळालेल्या एकूण जाती. रेघ अजून चढत असेल तर काम अपुरं आहे. दुसरी, न सापडलेल्या जातींचा अंदाज. त्यासाठी चाओ या संख्याशास्त्रज्ञांचं सूत्र हाती करता येतं. ज्यांचा एकच नमुना मिळाला अशा जातींच्या संख्येचा वर्ग करा, त्याला ज्यांचे दोनच नमुने मिळाले अशा जातींच्या दुपटीने भागा आणि सापडलेल्या जातींत मिळवा. समजा ४२ जाती मिळाल्या, त्यातल्या १२ एकेकट्या आणि ६ जोडीने. १४४ भागिले १२ म्हणजे १२. एकूण अंदाज ५४. हा किमान अंदाज समजा. वाट्यांचे आणि जाळ्याचे आकडे एकत्र करून हे गणित करू नका, दोन्हींचे वेगवेगळे करा.

अहवाल कोणाला

एक प्रत वनविभागाला, परवान्याच्या अटीप्रमाणे. एक, सोप्या मराठीत आणि फोटोंसह, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला, म्हणजे लोकजैवविविधता नोंदवहीत माश्यांचं पान भरेल. ठेवलेले नमुने घरच्या कपाटात न ठेवता नोंदणीकृत संग्रहाला द्या. फोटो आणि नोंदी सार्वजनिक संकेतस्थळावर जरूर टाका, पण आग्या आणि सातेरीच्या मोहोळांचे नेमके अक्षांश-रेखांश त्यातून काढा. ते फक्त वनविभागाच्या आणि ग्रामसभेच्या प्रतीत असू द्या.